अर्ध्या तासाचं आभाळ

सांबऱ्याच्या मैदानावरून विमान उठलं की शहापूरची सगळी गल्ली कामं टाकून रस्त्यावर यायची. त्या दिवशी अंजनीही हातमाग सोडून दारात आली, आणि पाहते तर मान वर न केलेला एकच माणूस तिच्याच ओट्यावर पाय लांब करून बसलेला! लढाईहून लंगडत परतलेला यमनाप्पा होता तो, पलीकडच्या विणकरांचा, आता मागे कुणी न उरलेला मुलगा.

"इमान बघत न्हाईसा?"

"आतनं बघितलंय," तो म्हणाला.

अंजनीचे डोळे आभाळातून खाली आले ते त्याच्यावरच राहिले.

तिला आई-बाप नव्हते. सांभाळणाऱ्या आत्याला कमी ऐकू यायचं. दिवसभर बोलायचं कुणाशी, तर मागाच्या खटखटीशी. त्यामुळे यमनाप्पा रोज ओट्यावर टेकू लागला, तसा अंजनीचा दोरा उगाचच तुटू लागला... आणि दर वेळी तिला दाराच्या उजेडात यावं लागू लागलं.

"किती लांब गेलतासा इमानातनं?"

"तिकडं इटलीत. पाय फुटला, तवा फोज्जा गावाहून बारी गावच्या दवाखान्यात इमानानं न्हेलं. इथनं कोल्हापूर असंल तेवढं. अर्ध्या तासात!"

"अगं बाई! तेवढ्यात माझं वीतभर लुगडं बी हुईत न्हाय."

तो हसला, मग हसू ओसरलं. "लई मोठा अर्धा तास हुता गं. बाकीचे जखमी कुणाकुणाला हाका मारत हुते... आई, बायको. मी बी आठवाय लागलो. तर मला — कुणीच न्हवतं."

हे एकटेपण अंजनीच्या ओळखीचं होतं. त्यासाठी तिला विमानात बसावं लागलं नव्हतं, एवढंच.

एके सकाळी तो गठुडं घेऊनच आला.

"निपाणीला चाललो. तंबाखूच्या वखारीत राखणीचं काम हाय. मागाच्या पावड्या दाबाय दोन पाय लागत्यात. हितं मी आता कुणाच्या उपेगाचा?"

'राहा' हा एवढासा शब्द, पण मेला ओठांवर येईल तर शपथ!

"निपाणीला... किती वेळ लागतो?"

"इमानानं पाव तास. मोटारीनं दुपार हुईल."

"मग तेवढा वेळ —" तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, "मला आठवा."

तो बघतच राहिला. पण मोटार सुटायची वेळ झाली होती. तो गेला.

दुपारी विमान आलं. गल्ली धावली. अंजनी जागची हलली नाही. दारात गेलं की रिकामा ओटा दिसणार, आणि तो बघायचा धीर तिच्यात नव्हता. मागावरच्या जुन्या ताण्याच्या, म्हणजे उभ्या दोऱ्यांच्या, टोकांना नव्या ताण्याचा एकेक दोरा सांधत ती बसली होती, पण डोळ्यांतल्या पाण्याने दोराच दिसेना.

तोच उंबऱ्यावर पाय ओढल्याचा आवाज झाला.

"निपाणी ऱ्हायली," यमनाप्पा धापा टाकत म्हणाला. "काकतीलाच उतरलो. बैलगाडीनं माघारी आलो."

"का?"

"तुला आठवाय लागलो... आन् फुडं जायाच हुईना."

अंजनीने डोळे पुसले. सरकून शेजारी जागा केली, आणि त्याच्या हातात दोऱ्याचं टोक दिलं.

"बसा," ती म्हणाली. "सांधाय पाय लागत न्हाईत."