मॅडम एंगेज्ड आहेत

जिन्याच्या वळणावर दोघांची टक्कर झाली आणि इंग्रजीच्या बाईंच्या हातातली शब्दांची कार्डं पायऱ्यांवर सांडली. चित्रकलेचे सर वाकून ती गोळा करू लागले आणि वर न बघताच म्हणाले, "अभिनंदन हं!"

"कशाचं?"

"लग्न ठरलं ना तुमचं..."

बाईंना जिनाच फिरल्यासारखा वाटला. लग्न? आपलं? आणि आपल्यालाच पत्ता नाही!

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्या वर्गातल्या भिंगरीनं. काल मधल्या सुट्टीत दारापर्यंत आलो होतो — तिनं वाटच अडवली. ठणकावून म्हणाली, 'मॅडम इज एंगेज्ड!'"

बाईंनी कपाळावर हात मारला. खेळ त्यांचाच होता. सकाळी एक कार्ड ओढायचं आणि शाळा सुटायच्या आत तो शब्द वर्गाबाहेरच्या खऱ्याखुऱ्या माणसावर वापरायचा! काल भिंगरीला 'एंगेज्ड' आला होता. कामात गुंतलेला, एवढाच अर्थ सांगून झाला आणि दुसरा सांगायच्या आत घंटा वाजली.

"अहो, वह्या तपासत होते मी! वह्यांत गुंतले होते!"

सर मटकन पायरीवरच बसले. चेहरा पांढराफटक.

"आणि मी वेडा... दूरच्या शाळेतून बोलावणं आलंय. म्हटलं, इथं राहून रोज जीव कशाला जाळायचा? मोठ्या बाईंना होकार सांगायलाच निघालो होतो."

हा माणूस रोज बाईंच्या फळ्याच्या कोपऱ्यात नव्या शब्दाचं चित्र काढून ठेवायचा, आणि त्यांना वाटायचं, सगळ्यांच्याच फळ्यावर काढत असेल! तो कोपरा उद्यापासून रिकामा राहणार, या विचारानंच त्यांना रडू आलं.

"काल... कशाला आला होतात?"

सरांनी हातातल्या गठ्ठ्यातून नेमकं तेच कार्ड काढलं. "हे सांगायला. मी गुंतलोय हो... आणि वह्यांत नाही."

बाई त्या एका शब्दाकडे नवशिक्यासारख्या बघत राहिल्या. शब्दच शिकवायचा पगार घेतात म्हणे!

तेवढ्यात वरच्या कठड्यावरून भिंगरीचं डोकं डोकावलं. "सर, मोठ्या बाई बोलावतायत! होकार की नकार, आत्ता सांगा म्हणाल्या."

सर उठायला लागले. बाईंनी त्यांची बाही धरली.

"त्यांना सांग, सर नाही येत. सर एंगेज्ड आहेत."

"म्हणजे कामात ना, मॅडम?"

"नाही गं. दुसरा अर्थ. तो उद्या शिकवते."

सरांच्या हातातली कार्डं पुन्हा पायऱ्यांवर सांडली.