उलट्या तारा

“अगं, दिवसभर तू चष्म्याच्या दुकानात बसतेस, येणाऱ्या-जाणाऱ्याला डोळे तपासून घ्या म्हणून बजावतेस... आणि घरात समोर बसून जेवणाऱ्या माणसाला दिसत नाही, हे तुला दिसलं नाही?”

आईचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच तो भिंगरीच्या काळजात खोल रुतला. बाबांच्या सदऱ्याच्या डाव्या बाहीची शिवण ती उसवत बसली होती, कारण बँडेजने फुगलेला हात बाहीतून जात नव्हता. हातातली कात्री हातातच राहिली. चार दिवसांपूर्वी फर्निचरच्या कारखान्यातल्या गोल करवतीने बाबांची दोन बोटं नेली होती. इस्पितळातल्या डॉक्टरांनी जखम शिवली, मग काहीतरी शंका येऊन त्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि ते थक्कच झाले. “दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय यांच्या! दीड-दोन वर्षं तरी अंगावर काढलंय. अशा डोळ्यांनी हे करवतीवर उभे राहत होते? घरात कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?”

कुणाच्याच... त्या शब्दासरशी भिंगरीने जी मान खाली घातली, ती अजून वर उचललेली नव्हती.

कारण तिच्या लक्षात आलं होतं! सगळ्यांच्या आधी, फार आधी, तिच्याच लक्षात आलं होतं!

भिंगरी हे नाव बाबांनीच ठेवलेलं. ती दहा वर्षांची असताना त्यांनी पहिल्यांदा तिला मैदानात नेऊन तिच्या हातात तारेच्या विमानाची मूठ दिली होती. ही विमानं सुटी उडत नाहीत. विमानाच्या पंखातून दोन बारीक पोलादी तारा निघतात, चांगल्या साठ फूट लांब, आणि त्यांची टोकं उडवणाऱ्याच्या हातातल्या मुठीला अडकवलेली असतात. मूठ वर कलली की शेपटीची पट्टी वर होते आणि विमान चढतं. खाली कलली की उतरतं. विमान गोल फिरत राहतं आणि मधे उभ्या असलेल्या माणसाला त्याच्याबरोबर गरगर फिरावं लागतं. मोठी माणसं तीन फेऱ्यांत झोकांड्या खातात. ही पोर मात्र इंधन संपेपर्यंत फिरली आणि विमान गवतावर टेकवून सरळ चालत आली! “भिंगरी आहे ही, भिंगरी!” बाबा सगळ्या मैदानाला सांगत सुटले होते.

तेव्हापासून बाबांनी विमानं घडवायची आणि भिंगरीने ती उडवायची, असा शिरस्ताच पडून गेला. दिवसभर कारखान्यात दारं-कपाटं करून आलेला हा सुतार घरी आला की कागदासारख्या पातळ फळ्या कापायचा. पंखाच्या एकेक फासळीला पॉलिश कागद लावताना त्याचा चेहरा असा काही निवायचा की आईसुद्धा जेवायला हाक मारताना घुटमळायची.

आणि एक दिवस भिंगरीने पाहिलं, की बाबा पंखाला कागद चिकटवताना जोड डोळ्यांनी न पाहता बोटांनी चाचपताहेत. कपात चहा ओतताना धार बाहेर जातेय. दिव्याकडे पाहताना ते डोळे बारीक करताहेत. चष्म्याच्या दुकानात बसणाऱ्या मुलीला याचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

“बाबा, एकदा दुकानात या ना. डोळे दाखवून घेऊ.”

“काही नको!” बाबा असे काही ओरडले की ती दोन पावलं मागे सरली. मग आवाज उतरवून म्हणाले, “सुताराला दिसत नाही म्हटलं की मालक उद्या यंत्रावरून उतरवतील, मग मी काय कोपऱ्यात बसून खिळे वेचू? पुन्हा हा विषय काढायचा नाही. आणि आईला तर अवाक्षर नाही!”

तिने विषय पुन्हा काढला नाही.

त्या वर्षीच्या स्पर्धेसाठी बाबांनी आठ महिने खपून एक विमान केलं होतं. पिवळ्या पंखांचं, पांढऱ्या शेपटीचं, इतकं देखणं की पंचही टेबल सोडून बघायला आले. कारखान्याचे मालकही आले होते. त्यांनाही या खेळाचा नाद होता. बाबांनी तारा अडकवल्या. वरच्या तारेला आणि तिच्या कडीला लाल दोऱ्याची खूण होती, खालच्या तारेला आणि तिच्या कडीला काळ्या. भिंगरी साठ फुटांवर मूठ घेऊन उभी राहिली. उडवण्याआधीची तपासणी म्हणून तिने मूठ वर कलवली. एवढ्या लांबून तिला पट्टी नीट दिसत नसे. विमान धरणाऱ्याने पाहून सांगायचं असतं.

“बरोबर!” बाबा ओरडले.

इंजिन कर्कश किंचाळलं, इंधनातल्या एरंडेलाच्या धुराचा वास आला, बाबांनी हात सोडला. विमान उसळत धावलं, जमिनीवरून उठलं... तिने ते चढवायला मूठ किंचित वर केली, आणि विमानाने नाक खाली घातलं! घाबरून तिने मूठ आणखी वर खेचली. पाव फेरीसुद्धा पुरी झाली नाही. कडाड आवाज झाला, आणि आठ महिने मातीत गेले!

ती धावत सुटली. सगळ्यांच्या आधी पोहोचली आणि पाहते तर काय... मोडक्या पंखापाशी लाल खुणेची तार काळ्या खुणेच्या कडीत अडकलेली होती. तारा उलट्या लागल्या होत्या! वर म्हटलं की विमान खाली जाणार होतं, खाली म्हटलं की वर. बाबांना ना दोऱ्याचा रंग दिसला होता, ना पांढऱ्या शेपटीवरची पांढरी पट्टी!

मागून माणसं येत होती. त्यांत मालक होते. भिंगरीची बोटं आपोआप पुढे झाली. तिने दोन्ही तारा झटकन कड्यांमधून सोडवून टाकल्या.

“काय झालं गं?” पंचांनी विचारलं.

“माझाच हात चुकला,” ती म्हणाली.

आणि बाबा? बाबा तिच्यासमोर येऊन उभे राहिले, लालबुंद होऊन, आणि सगळ्या मैदानासमोर म्हणाले, “आठ महिन्यांची माझी मेहनत एका क्षणात मातीत घातलीस! मूठ धरायची अक्कल नाही तुला!”

त्या दिवसापासून मैदानावरची टवाळ पोरं तिला ‘पाणबुडी’ म्हणू लागली. “आली पाणबुडी, आज कुठे बुडी मारणार?” लाजेने तिच्या कानाच्या पाळ्या पेटायच्या. दोन-तीनदा गेली, मग तिने मैदानच सोडलं. पण त्या लाजेखाली, खूप खोल, एक गोड काहीतरी होतं... मी बाबांची अब्रू राखली, मी त्यांच्यासाठी बोल सोसले! त्या त्यागाच्या उबेत ती चौदा महिने जगली, आणि त्या चौदा महिन्यांत तिचे बाबा रोज, न दिसणाऱ्या डोळ्यांनी, फिरत्या करवतीपुढे लाकूड सरकवत राहिले.

कुठला त्याग! तो त्याग नव्हताच! ओरडा खायला ती तयार झाली, पण खरं बोलून बाबांचा राग ओढवून घेण्याची तिची छाती झाली नव्हती!

कात्री खाली पडली. “मला दिसलं होतं, आई!” ती एकदम हुंदक्यात फुटली. “मला सगळं दिसलं होतं! विमान माझ्या हातून पडलंच नव्हतं... तारा उलट्या लागल्या होत्या. मी लपवलं. त्या दिवशी मी खरं बोलले असते, तर बाबांची बोटं आज त्यांच्या हाताला असती! ती मी तोडली, आई, मी!”

आई भिंतीला टेकून उभीच राहिली.

त्याच खोलीतल्या खाटेवर बाबा डोळे मिटून पडले होते. झोप लागलीय असं दोघींनाही वाटत होतं. ते उजव्या हातावर जोर देऊन कसेबसे उठून बसले.

“पोरी, इकडे ये.”

ती जागची हलली नाही. त्या हाताकडे बघण्याचं तिला धाडस होत नव्हतं.

“येत नाहीस? बरं, तिथूनच ऐक.” बाबांचा आवाज कुणा परक्याचा असावा तसा येत होता. “तू मूठ वर केलीस आणि मी बरोबर म्हणून ओरडलो ना... मला पट्टी दिसलीच नव्हती. वर गेली की खाली, मला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. पण मालक शेजारी उभे. दिसत नाही असं कसं म्हणू? म्हटलं, आजवर कधी चुकलोय? आणि ठोकून दिलं, बरोबर!”

“बाबा...”

“थांब, बोलू दे, नाहीतर पुन्हा तोंड उघडणार नाही माझं. तू पळत जाऊन वाकलीस. पडलेल्या विमानाच्या तारा घाईघाईने कोण सोडवतं? मला त्याच क्षणी कळलं, काय झालंय ते. आणि तू कुणासाठी ते करतेयस, तेही कळलं. तू म्हणालीस, माझाच हात चुकला... आणि मी काय केलं? सुटलो एकदाचा, असं वाटलं गं मला! कुणाला संशय येऊ नये म्हणून सगळ्यांत मोठ्याने तुझ्यावर मीच ओरडलो. लोक तुला पाणबुडी म्हणायचे आणि मी ऐकून घ्यायचो. तू मैदान सोडलंस, तेव्हा का सोडलंस म्हणून विचारायची हिंमतही झाली नाही मला. बाप म्हणवतो मी स्वतःला!”

बाबांनी बँडेजचा हात तोंडावर घेतला आणि लहान मुलासारखे रडू लागले. भिंगरी धावली, त्यांच्या गुडघ्यांवर डोकं टेकून तीही रडू लागली. “बाबा, माझं चुकलं...” “नाही गं, माझं...” एवढंच काय ते दोघांना बोलता येत होतं.

“झालं तुमचं?” आईने डोळे पुसले आणि संतापाने ती म्हणाली, “एक दिसत नसताना दिसतंय म्हणणार, दुसरी दिसत असताना नाही म्हणणार... आणि तुम्ही दोघांनी मिळून आंधळी केलीत ती मला! अहो, खिळे वेचत बसला असता तरी मी तुम्हाला जेवायला वाढलंच असतं ना! मला एका शब्दाने सांगावंसं वाटलं नाही तुम्हाला?”

आई स्वयंपाकघरात गेली, आणि ती परत बोलू लागायला पुढे कितीतरी दिवस जावे लागले.

जखम भरली, मग एकापाठोपाठ एक दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाली त्या दिवशी बाबा बराच वेळ आईकडे बघत राहिले. “किती थकलीस गं तू,” एवढंच म्हणाले. आईने तोंड फिरवलं, पण त्या दिवशी तिने त्यांच्याशी बोलायला सुरुवात केली. बाबा स्वतः मालकांकडे गेले, खरं काय ते सांगितलं आणि करवत सोडली. मालक रागावले, फार रागावले. पण शेवटी हातकामाच्या खोलीत त्यांना जागा मिळाली, पॉलिशची आणि जोडकामाची. आठ बोटांनी रंधा धरायला ते नव्याने शिकले.

मग माळ्यावरच्या खोक्यातून ते पिवळं विमान खाली आलं. पंख नव्याने केला, इंजिन रॉकेलमध्ये धुतलं. भिंगरी फासळ्या धरायची, बाबा डिंक लावायचे. अपराधी माणसं एकमेकांना जपून वागतात, तशी वागत.

स्पर्धेच्या दिवशी मैदानात पाऊल टाकताच कुणीतरी हळूच म्हणालं, “पाणबुडी!” बाबांनी ऐकलं. ते तडक पंचांच्या टेबलापाशी गेले आणि त्यांनी ध्वनिक्षेपक मागितला. भिंगरीने त्यांची बाही ओढली. “बाबा, नको! झालं गेलं...”

“माझ्यासाठी बोलू दे,” बाबा म्हणाले.

आणि तो अबोल सुतार, दोन बोटं नसलेला हात सगळ्यांना दिसेल असा पुढे धरून, सगळ्या मैदानासमोर बोलला. “मागच्या खेपेला आमचं विमान पडलं, ते माझ्या मुलीच्या हातून नाही. तारा मी उलट्या लावल्या. पट्टी दिसली नसताना दिसली म्हणालो. तिने माझ्यावर पांघरूण घातलं, आणि मी तिला तुमच्यासमोर अक्कल काढून बोललो. मला त्याची लाज वाटते. तुमच्यासमोर बोललो होतो, म्हणून तुमच्यासमोरच माफी मागतो.”

कुणी टाळी वाजवली नाही. टवाळ पोरं बुटांकडे बघत राहिली. भिंगरीला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं... बाबांची मान अशी सगळ्यांसमोर खाली गेलेली तिला पाहवेना. पण ते परत आले, तेव्हा त्यांची मान वर होती, आणि आता तिलाही आपली वर करता आली.

विमान उडालं. सहा फेऱ्या सरळ, मग एक उभी गिरकी, मग दुसरी. तारांचा ताण तिच्या मनगटातून खांद्यात, खांद्यातून थेट छातीत येत होता. कितीतरी महिन्यांनी ती भिंगरी होऊन फिरत होती! तिसऱ्या गिरकीला, विमान उलटं असताना, तिला कोण जाणे काय वाटलं, तिने मूठ क्षणभर उशिरा वळवली... आणि कडाड!

ती जागच्या जागी गोठली. बाबा लांबून चालत आले, विमानापाशी थांबले, वाकून त्यांनी दोन्ही तारा, दोन्ही कड्या नीट पाहिल्या, आणि मग मोठ्याने म्हणाले, “तारा बरोबर आहेत हं! ही चूक मात्र सर्वस्वी तुझी!”

ती हसायला गेली आणि रडू आलं. “हो बाबा, माझीच!”

दोघं गुडघे टेकून तुकडे वेचू लागली. पंख गेला होता, नाक गेलं होतं, इंजिनाचा पंखा गेला होता. इंजिन तेवढं शाबूत होतं. इंधन कमी-जास्त करायची त्याची बारीक सुई मात्र कुठे उडाली होती कोण जाणे. भिंगरीने गवत विंचरून काढलं, तिला काही ती दिसेना.

“अगं, ती काय तिथे!” बाबांनी बोट केलं. हातभर अंतरावर, गवताच्या पात्याला टेकून, शिवणाच्या सुईएवढा एक तुकडा उन्हात चमकत होता.

बाबांनी तो उचलला, फुंकर मारून माती उडवली आणि तिच्या तळहातावर ठेवला.