वाचन क्रमांक दोन

अडतीस मतं होती. एकवीस विरोधात, अकरा बाजूने, पाच नुसती थट्टेची. उरलेलं एक खासगी तपास करणाऱ्या महामाया वानखडेला कुठल्याच गटात बसवता येईना.

मतं होती 'कणगी' नावाच्या सॉफ्टवेअरबद्दल. अनोळखी प्रोग्रॅम थेट संगणकावर चालवला तर तो काय नासधूस करेल सांगता येत नाही. म्हणून तो आधी एका बंद कंटेनरमध्ये कोंडायचा आणि तिथंच चालवून बघायचा. धान्य कणगीत भरून वरून लिंपून टाकतात, तसंच. दोन वर्षांपूर्वी हे सॉफ्टवेअर सर्वांसाठी मोफत खुलं झालं होतं, आणि राज्यभरचे डेव्हलपर एका सार्वजनिक पानावर त्याची चिरफाड करत होते.

ते बनवणारी आयशा समोर बसली होती. मलकापूरहून सकाळच्या बसनं बुलढाण्यात आली होती. मे महिन्याचं ऊन तिच्या चेहऱ्यावर अजून दिसत होतं.

"हे 'पाहुणा' नावाचं खातं आहे ना, मॅडम," ती म्हणाली, "तो कुठं आहे, तेवढं मले शोधून द्या."

महामायानं पडद्यावरून नजर उचलून तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा वाचायला लागली.

दार ढकलून राजकुमार आत आला. पूर्वी पोलिसांसाठी फोटो काढायचा, आता महामायाबरोबर काम करायचा.

"उशीर झाला मॅडम. मंगळवारपासून कंबर धरली आहे. देऊळघाटच्या कोल्ड स्टोरेजची मशीन दिवसभर बंद पडली, अन् साळ्याच्या मिरचीची पोती हलवाले मीच सापडलो. तिथला ऑपरेटर तर असा खवीस! दार जरा उघडं राह्यलं की अंगावर येते. काट्यावर साताचं आठ झालं तर त्याले जेवण जात नाही."

"राजकुमार, यांना पाणी दे."

'पाहुणा'चं मत छोटं होतं. 'कणगी गळते. आत कोंडलेल्या प्रोग्रॅमला बाहेरच्या यंत्राचं तापमान वाचता येतं. माझं यंत्र रिकामं असताना आतून घेतलेली वाचनं:'

खाली सात आकडे. वाचन दोन, रविवार, सतरा अंश. वाचन तीन, सोमवार, सोळा. वाचन चार, मंगळवार, सव्वीस. बुधवारपासून शनिवारपर्यंत, म्हणजे वाचन पाच ते आठ, पुन्हा सतरा, सोळा, सतरा, सतरा.

त्याखाली थट्टा. 'तापमान कळलं तर काय झालं? माझ्या आईलाही कळतं, कपाळाला हात लावून.' आणि, 'वाचन एक कुठं गेलं बे? चहा प्यायला?'

"हे भोक कुणाकुणाला माहीत होतं?" महामायानं विचारलं.

"आम्हा तिघाइले. मी, माझा भाऊ शाकिर, अन् देवेश. तिघांनी मिळून बनवली कणगी. अन् नीळकंठ सरांले. कॉलेजात तेच आमचे फिजिक्सचे सर."

"शाकिर कुठं असतो?"

आयशानं ग्लास खाली ठेवला. "दोन वर्षं झाले. पत्ता नाही. तो म्हणे, हे भोक बुजवल्याशिवाय कणगी खुली करू नको. मी म्हटलं, तुले तर कधी काही पुरंच करायचं नसते. तो म्हणाला, मंग माझं नाव काढ."

"आणि?"

"काढलं."

पंखा फिरत राहिला.

"त्याचा मोबाइल बंद आहे," ती म्हणाली. "तरी अम्मी दर महिन्याले त्याचा नंबर रिचार्ज करते. दुसऱ्या कोणाले मिळू नये म्हणून. मॅडम, हा पाहुणा दुसराच कोणी निघाला, तर मी घरी काही सांगणार नाही. पण मले माहीत पाहिजे."

*

देवेशचं दुकान मलकापूर स्टेशनच्या रस्त्यावर होतं. आता तो स्वतःचं वेगळं सॉफ्टवेअर विकायचा. पानावर त्यानं कणगीला 'गळका माठ' म्हटलं होतं, नाव-आडनावासकट.

"मी काऊन खोट्या नावानं लिहू?" तो हसला. "शिव्या दिल्या तर सही करून देतो मी."

"तुमची यंत्रं बघू?"

मागची खोली गार होती. राजकुमारला बाहेर पडावंसं वाटेना.

"एसी वीसवर. रात्रंदिवस," देवेश म्हणाला. "तरी चिप बघा. काही काम नसलं तरी तेहतीस."

"त्याहून खाली नाही जात?"

"खोलीपेक्षा खाली कशी जाईन, मॅडम? ते स्वतःच तापते. खोलीच्या वर दहा-बारा अंश तर धरूनच चाला."

कोपऱ्यात दोन खुर्च्या होत्या. एकीवर तारांचा गुंता पडला होता, दुसरी पुसलेली होती.

"ही कुणाची?" राजकुमारनं बसता बसता विचारलं.

"तिच्यावर नको बसू भाऊ," देवेश म्हणाला. मग लगेच, "मोडकी आहे."

राजकुमारला तरी ती धडधाकट दिसली.

बाहेर पडल्यावर तो म्हणाला, "यानंच लिहिलं, मॅडम. धंद्याचा जळफळाट आहे."

"त्याच्या खोलीत सतरा होत नाही," महामाया म्हणाली. राजकुमारनं यावर विचार केला आणि सोडून दिला.

*

नीळकंठ सर बुलढाण्यातच राहायचे. दारात वाळ्याचा कूलर घरघरत होता, टेबलावर जुना संगणक तापला होता. पडद्याच्या कोपऱ्यात अठ्ठेचाळीस अंश दिसत होते.

"माझं मत माझ्या नावानं आहे," सर म्हणाले. "कणगी अपुरी आहे. आयशाला मी तोंडावरही तेच सांगितलं. तिनं पेढे आणले होते, ते मात्र खाल्ले."

महामायानं खोलीचं तापमान विचारलं. सरांनी खुंटीवरचा थर्मामीटर काढून राजकुमारच्या हातात दिला. "टेबलावर ठेवा आणि वाचा."

"छत्तीस," राजकुमार म्हणाला.

"हे टाकून द्या. थांबा जरा. आता?"

"चौतीस."

"हे धरा. पहिलं वाचन कधी घ्यायचं नाही. त्यात आपल्याच हाताची ऊब असते." सर कौतुकानं थर्मामीटरकडे पाहत होते. "तीस वर्षं हेच शिकवलं. पहिल्यावर काट, मोजणी दोनपासून."

"पोरं पाळायची?"

"तिघांनी पाळलं. बाकीचे घरी बसून आकडे बनवायचे."

निघताना सरांनी चपला शोधत विचारलं, "शाकिरचं काही कळलं का हो?" विचारून झाल्यावर त्यांना आठवलं की त्यांना कुठं जायचंच नव्हतं.

*

बुधवारी सकाळी महामायानं तिघांना ऑफिसात बोलावलं. सरांना खुर्ची मिळाली. देवेश खिडकीपाशी उभा राहिला. आयशा त्याच्याकडे बघत नव्हती.

"अडतीस लोकांनी मतं मांडली," महामाया म्हणाली. "बाजू कुठली, हे सगळ्यांनी पाहिलं. आकडे कुणी वाचले नाहीत. आपण वाचू."

तिनं कागदावर सात आकडे लिहिले.

"पहिली गोष्ट. वाचनं दोनपासून सुरू होतात. लोकांना ती चूक वाटली. पण सर, पहिलं वाचन टाकून मोजणी दोनपासून कोण करतं?"

सरांनी चष्मा काढला.

"तुम्ही स्वतः, आणि तुमचे तीन विद्यार्थी. म्हणजे पाहुणा चौघांपैकी एक. आयशाताई, हे तुम्हाला आधीच कळलं होतं. म्हणून तुम्ही आल्या आल्या 'तो कोण' विचारलं नाहीत. 'कुठं आहे' विचारलंत."

आयशानं मान हलवली. "दोन दिसलं तेव्हाच. पण देवेश असता, किंवा सर असते, तर..."

"तर आशा लावायची नव्हती. बरोबर. दुसरी गोष्ट. रिकाम्या यंत्राचं तापमान सतरा. देवेश, तुम्हीच म्हणालात, खोलीच्या वर दहा-बारा अंश धरा. वीसच्या एसीत तुमचं यंत्र तेहतीस दाखवतं. सरांच्या कूलरसमोर अठ्ठेचाळीस. मलकापुरात आयशाताईंच्या घरी याहून कमी असणार नाही. मग सतरासाठी खोली किती पाहिजे?"

"सहा-सात," देवेश हळूच म्हणाला. "मे महिन्यात? अशी खोली कोणाकडे आहे बे?"

"माणसाकडे नाही. मिरचीकडे आहे."

राजकुमारचं तोंड उघडं राहिलं.

"कोल्ड स्टोरेज. आणि तिसरी गोष्ट, मंगळवार. एकच दिवस आकडा सव्वीसवर गेला. त्या दिवशी कुठल्या तरी कोल्ड स्टोरेजचं थंड करणारं मशीन बंद होतं. राजकुमार, तुझी कंबर कशी आहे?"

"देऊळघाट!" राजकुमार ओरडला. "तो खवीस!"

"साताचं आठ झालं तर जेवत नाही, असं तूच सांगितलंस. काल फोन करून खात्री केली. आतली थंडी नोंदवायला तिथं थंड खोलीतच एक संगणक ठेवला आहे. ऑपरेटरनंच बसवला. नोंदीचा प्रोग्रॅम त्यावर एका बंद कंटेनरमध्ये चालतो." ती क्षणभर थांबली. "कणगीत. दोन वर्षांपासून."

आयशानं ओढणीचं टोक मुठीत धरलं.

"मंग शाकिरनं फोन करायचा ना सरळ!" देवेशचा आवाज चढला. "एवढं कोडं कायले?"

"त्यानं लिहिलं एवढंच, की तापमान बाहेर गळतं; म्हणायचं होतं, की त्यावरून माणूस कुठं आहे तेही कळतं. लोक हसले. पुरावा द्यायला दुसरं कुठलंही यंत्र चाललं असतं. त्यानं स्वतःचं दिलं, आणि मोजणी अशी केली की ती चारच माणसांना वाचता यावी."

"फोन कसा करीन तो?" आयशा म्हणाली. "नाव मीच काढलं होतं."

मग तिनं पिशवीतून लॅपटॉप काढला.

"आता गाडी काढू?" राजकुमारनं विचारलं.

"थांबा भाऊ. भोक तसंच ठेवून त्याच्यासमोर जाऊ?"

दुपारपर्यंत ती लिहीत होती. मध्येच देवेश तिच्या मागे येऊन उभा राहिला, एका ओळीवर बोट ठेवलं. तिनं ती ओळ बदलली. सरांनी नवी कणगी तपासली. आतून तापमान विचारलं की आता उत्तर येत नव्हतं. वरती बनवणाऱ्यांची नावं होती: शाकिर, आयशा, देवेश.

"आता तुलेही त्याचा आकडा दिसणार नाही," देवेश म्हणाला.

"हाव. म्हणून तर जाऊन राह्यली."

*

देऊळघाटच्या कोल्ड स्टोरेजच्या आवारात त्रेचाळीस अंश होते. महामाया आणि राजकुमार लिंबाच्या सावलीत थांबले. हवेत मिरचीचा ठसका होता. जाड दाराच्या बाजूला आतलं तापमान दाखवणारी तबकडी होती. काटा सातवर.

आयशानं दार ठोकलं.

दार उघडलं. स्वेटर आणि कानटोपी घातलेला एक माणूस उंबऱ्यात आला, ओरडायच्या तयारीनं. ओरडला नाही. त्याच्या मागून पांढरी वाफ येऊन आयशाच्या पायांवरून वाहू लागली. ती काहीतरी बोलली. त्यानं कानटोपी काढली.

एवढ्या लांबून शब्द कळत नव्हते.

"मॅडम," राजकुमार कुजबुजला, "दार उघडंच आहे."

"काटा बघून ये."

तो भिंतीच्या कडेनं गेला आणि परत आला. "नऊ."

"पहिलं वाचन टाक. पुन्हा बघ."

तो थोडा थांबला आणि पुन्हा गेला.

अकरा.