चार सेकंदांनी पुढे

आधी मला त्याचं चाक दिसलं – हवेत! मग तो दिसला, मऊ वाळूत पालथा, नेमका माझ्या वाटेत. मी कचकन ब्रेक दाबले.

"लागलं का?"

त्यानं तोंडातली वाळू थुंकली. "लागलंय... पण दाखवण्यासारखं नाही."

मला हसू फुटलं, पण शर्यतीत हसायला वेळ कुठे होता? जंगलभर केशरी-पांढरी निशाणं लावलेली. सायकलच्या हँडलवर नकाशाची पाटी. नकाशा वाचत पंधरा निशाणं क्रमानं गाठायची आणि प्रत्येकाशी बोटात अडकवलेली नोंदीची चिप टेकवायची. वाट ज्याची त्यानं शोधायची, एकमेकांची मदत घेतली की बाद. क्लबच्या संघात एकच जागा उरली होती, पहिल्या येणाऱ्यासाठी. दोन वर्षं ती माझ्या हातून निसटली होती.

चौथ्या निशाणापाशी तो पुन्हा हजर. मी लांबच्या कडक रस्त्यानं आले होते, तो सरळ टेकडीवरून.

"पाठलाग करताय?" मी विचारलं.

"मी आधी पोचलोय," तो चिप टेकवत म्हणाला. "मग पाठलाग कोण करतंय?"

सातव्याला मी आधी. नवव्याला मात्र दोघांचे हात एकदमच पुढे झाले, आणि माझा त्याच्या हातावर पडला.

"आधी तुम्ही," तो म्हणाला.

"मेहेरबानी नको."

"मेहेरबानी कसली? तुमचा हात निघाल्याशिवाय माझा निघत नाहीये."

मी झटक्यात हात काढून घेतला. कान तापले होते... उन्हानंच असतील.

"करता काय तुम्ही?" सायकल वळवत त्यानं विचारलं.

"दातांची डॉक्टर आहे."

"तरीच! समोरच्याला बोलू देत नाही."

तो सुतार होता. त्याची पाटी लाकडाची होती, कडा घासून रेशमासारख्या केलेल्या. मी जरा जास्तच वेळ बघत राहिले – पाटीकडे.

चौदावं निशाण केलं आणि खट्ट! चेन तुटली. मागून तो आला, थांबला. हात खिशाकडे गेला.

"चेन जोडायचं हत्यार आहे माझ्याकडे."

"घेतलं तर मी बाद."

त्यानं हात मागे घेतला. "मग... मी जातो." आणि खरंच गेला!

मला रडू यायला हवं होतं. आला तो चेव. शेवटच्या निशाणाकडे जायची जवळची वाट सगळी भुसभुशीत वाळूची होती. मी सायकल खांद्यावर टाकली आणि धावत सुटले. थोड्याच वेळात तो दिसला. पेडल जीव खाऊन मारत होता, पण चाक रुतत होतं. मला बघून तोही उतरला, सायकल ओढत धावू लागला. शेवटचं निशाण, मग पन्नास पावलं... घशाला कोरड, डोळ्यांत घाम, आणि रेषेपलीकडून दादाचं बेंबीच्या देठापासून ओरडणं.

"चार सेकंद! चार सेकंदांनी पुढे आहेस!" दादानं मला उचललंच.

तो वाळूत बसला होता. चेहरा उतरलेला. संघाची जागा त्यालाही हवीच होती की. मी शेजारी जाऊन बसले.

"मला टाकून गेलात," मी म्हटलं.

"थांबलो असतो, तर तुम्ही मला कधी माफ केलं असतं?"

मी मान हलवली. नाही. कधीच नाही. हे याला कसं कळलं?

"आता मदत चालते ना?" असं म्हणत त्यानं माझी सायकल पुढ्यात ओढली. काळ्या झालेल्या बोटांनी चेन जोडताना, वर न बघताच म्हणाला, "रविवारी सरावाला येईन म्हणतो."

"संघात नसताना?"

"संघासाठी येतो असं कुठं म्हटलं मी?" तो थांबला. "मला तुम्ही आवडलात... झालं, बोललो एकदाचं."

माझ्या छातीत अजून धडधडत होतं, आणि आता ते शर्यतीवर ढकलता येत नव्हतं.

"या. पण हे 'तुम्ही-तुम्ही' बंद."

"मग काय म्हणू?"

"तू."

"तू..." त्यानं हळूच म्हणून बघितलं. मागे दादा उगाचच खाकरला. "तू येशील ना रविवारी?"

"येईन. पण वेळेवर ये. मी कुणासाठी थांबत नाही."

थांबले असते. तासभरसुद्धा. पण हे त्याला इतक्यात कशाला सांगायचं?