केक-फेरीत वर्लीनची गाणी

ओढ्यात गाडी घालावी तर ती शहरातल्या माणसानंच. धुकं खाली उतरलेलं, पाणी चाकांच्या वर, आणि हा बाबा टपावर बसलेला... छातीशी एक खोकं कवटाळून. लुएला मक्याच्या शेतातून ट्रॅक्टर घेऊन येत होती. तिनं आधी पोटभर हसून घेतलं, मग ओढायची साखळी काढली.

"एवढं जपतोयस, अंडी आहेत का त्यात?"

"नाही, वर्लीन स्टॅम्पर आहेत," तो म्हणाला. "सगळ्या वयांच्या."

लुएलाचा हात साखळीवरच राहिला. वर्लीन तिची सख्खी आत्या, आईमागे तिला वाढवणारी. केंटकीच्या त्या डोंगरात असं घर नव्हतं जिथं आत्याच्या आवाजानं कुणाला डोळे पुसायला लावले नव्हते. हा कॉय बर्डेट, नॅशव्हिलच्या एका कंपनीचा माणूस. आत्याच्या पहिल्या रेकॉर्डपासून आजपर्यंतची निवडक गाणी एका संचात बांधायला आला होता. ओल्या केसांखालून त्यानं वर पाहिलं... आणि लुएलाला आपल्याच ट्रॅक्टरचा गिअर सापडेना.

वर्लीननं त्याला ओसरीवर बसवलं, मक्याचा पाव आणि घेवड्याचं कालवण वाढलं, आणि तो जेवत असतानाच फैलावर घेतलं. बिचारा गोंधळलेला होता. बाईंनी गुत्त्यातली रडगाणी गायली होती, चर्चमधली भजनं गायली होती, ट्रकवाल्यांची दांडगी गाणी आणि पाळणेसुद्धा. यातल्या खऱ्या बाई कोणत्या, असं त्यानं भीत भीत विचारलं.

"रोज रांधणाऱ्या बाईला विचारतोस का, तुझी खरी भाजी कुठली?" वर्लीन म्हणाली. "ज्याला जी भूक, त्याला ते वाढलं."

तो रोज येऊ लागला. दुपारी खिडकीत रेकॉर्ड लागायची, बाहेर लुएला सफरचंदाच्या फोडी वाळत घालायची, आणि दोघंही गाणंच ऐकत असल्याचं सोंग करायची. दोन गाण्यांतलं कुठलं घेऊ, असं तो विचारायचा. तो ज्याच्याकडे झुकेल त्याच्या उलट ती बोलायची... तेवढाच वाद लांबायचा. फोडी सुकून कडक झाल्या तरी तिला उचलायचं भान नसे.

वर्लीनला डोळे होते. एका संध्याकाळी तिनं ऐकवलंच, गाण्यामागून आलेली माणसं गाणं संपलं की जातात; माझा नवराही असाच आला होता. कॉय रविवारी निघणार होता, आणि जाऊ नकोस म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती. स्टॅम्परांच्या बायका कुणाला अडवत नाहीत. पण ही ऐट रात्री उशीला सांगून काय उपयोग?

शनिवारी गावच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये केक-फेरी होती. जमिनीवर खडूनं आकड्यांची चौकोनी घरं काढायची, गाणं चालू तोवर त्यांवरून गोल चालायचं, रेकॉर्डवरची सुई उचलली की थांबायचं. मग टोपीतून ज्या आकड्याची चिठ्ठी निघेल त्या घरावरच्याला केक. शेवटची सोडून संचाच्या बाकी नमुना रेकॉर्डी त्याच आठवड्यात आल्या होत्या. नॅशव्हिलच्या आधी आम्ही ऐकणार म्हणून गावानं हट्ट धरला, आणि सुई कॉयच्या हाती दिली.

लुएला फेरीत उतरली. आत्याच्या तरुणपणातलं संथ गाणं लागलं. उन्हाच्या तिरिपीत खडूची धूळ तरंगत होती... आणि दर फेरीला ती त्याच्यासमोरून जायची, तेव्हा बघायचं नाही असं ठरवून बघायची.

गाणं संपलं. दुसरं लागलं. कॉयचा हात सुईकडे गेलाच नाही. नियम तो नियम, सगळे चालतच राहिले.

"अरे, उचल ती," वर्लीन खुर्चीतून म्हणाली. "अशानं माझं अख्खं आयुष्य संपेल."

हॉल हसला. कॉयनं सुईकडे पाहिलं, लुएलाकडे पाहिलं... आणि यंत्र तसंच सोडून तो फेरीत येऊन तिच्या शेजारी चालू लागला.

"आता सुई कोण उचलणार?" तिनं समोर बघतच विचारलं.

"माझ्याच्यानं होत नाही. काम तर कधीच संपलंय, लुएला. शेवटचं गाणं ठरत नाही म्हणून मीच कंपनीला थापा मारतोय."

"खोटारडा."

"हो."

चार घरं ओलांडली.

"जाऊ नकोस," ती पुटपुटली.

"ऐकू आलं नाही — गाण्याचा आवाज मोठा आहे."

ऐकलं होतं मेल्यानं, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लुएलानं मान वर केली आणि साऱ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हटलं, "म्हटलं, जाऊ नकोस."

नेमकी तेव्हाच रेकॉर्डची बाजू संपली. खरखर उरली. पाय जागच्या जागी थबकले, टोपीवाल्यानं टोपीत हात घातला. वर्लीन काठी टेकत उठली, यंत्रापाशी गेली, आणि तिनं भाचीकडे एकदा डोळे भरून बघितलं. कॉयनं लुएलाचा हात धरला होता, तिनं सोडवला नव्हता.

"टोपी खाली ठेव, फेरी अजून संपली नाही," वर्लीन म्हणाली, आणि तिनं रेकॉर्ड उलटून दुसरी बाजू लावली.