बिस्किटांच्या चार थप्प्या

“तुम्ही माझ्या पप्पांना पकडायला आलात का?”

रेश्माने एका दमात विचारून टाकलं आणि लगेच गेटकडे पाहिलं. गेटबाहेर रुपाली आणि आणखी दोघी सायकली धरून उभ्या होत्या. पैज त्यांचीच. हिंमत असेल तर त्या डिटेक्टिव्ह बाईला विचारून दाखव, असं रुपालीने शाळा सुटल्यापासून लावून धरलं होतं.

स्कूटीवरून उतरलेल्या बाईंनी सावकाश हेल्मेट काढलं. पन्नाशीच्या, ठेंगण्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. रेश्माच्या मनातल्या डिटेक्टिव्हशी त्यांचं काहीच जुळत नव्हतं.

“अजून ठरलं नाही,” त्या म्हणाल्या. “तू मॅनेजरची मुलगी?”

“हो. रेश्मा. दहावीत आहे.”

“आणि त्या कोण?”

“मैत्रिणी. म्हणजे, दिवाळीपर्यंत होत्या.”

तिने मागे वळून पाहिलं तर गेटबाहेर कुणीच नव्हतं. पैज जिंकल्याचं सांगायला माणूस शिल्लक नव्हतं.

घोडेगाव फाट्यापासून दोन किलोमीटरवर, महामार्गाला लागून ते गोडाऊन होतं. सोनई, नेवासा, तिसगावच्या दुकानांत जाणारा साबण, चहा, तेल, बिस्किटं सगळं इथूनच जायचं. रेश्माचे वडील गोरक्षनाथ तिथले मॅनेजर. कंपाउंडमधल्याच दोन खोल्यांत तिघांचं बिऱ्हाड. आजूबाजूला दुसरं घर नाही. दिवसभर ट्रकचा आवाज आणि तो थांबला की काहीच नाही.

दिवाळीपासून बिस्किटांचे चारशे ऐंशी बॉक्स कमी भरत होते. शुक्रवारच्या ट्रकमध्ये मावतात बरोबर तेवढे. गोरक्षनाथने अख्खा ट्रक गायब केला, असं गावात ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. मालकाने शनिवारपर्यंतची मुदत दिली होती. तोवर माल सापडला नाही तर नोकरी जाणार, पोलिसांत तक्रार होणार आणि खोल्या खाली कराव्या लागणार. रेश्माच्या परीक्षेला महिना उरला होता. आज गुरुवार होता.

माल शोधायला मालकाने नगरहून बोलावलेल्या या बाईंचं नाव सुकन्याताई. गोडाऊन दाखवायला ओम पुढे झाला. तो कॉम्प्युटर सांभाळायचा. पण सुकन्याताईंनी त्याला बसवलं आणि रेश्माकडे बोट केलं. इथं जिच्यावर संशय घ्यायचं कारण नाही अशी ही एकटीच दिसते, असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. रेश्माची मान अशी ताठ झाली की विचारू नका.

आत शिरताच डाव्या हाताला गेल्या शुक्रवारच्या बिस्किटांच्या चार थप्प्या होत्या. लांबीत पाच बॉक्स, रुंदीत चार, उंचीत सहा थर. भिंतीसारख्या सरळ. कोपऱ्यात बांबूच्या कामट्यांचा भारा पडला होता.

“हे कशाला?”

रेश्माने खांदे उडवले. उंदीर मारायला असतील. तिला त्याहून महत्त्वाची गोष्ट दाखवायची होती. कडेची थप्पी खिडकीला लागून होती आणि तिच्यावर एक गोधडी पसरलेली होती.

“इथं मी अभ्यास करते. आता कुणी बोलत नाही ना, मग वेळच वेळ. फक्त दिवाळीपासून जरा गंमत झालीय. मधे बसलं की दबतं. बहुतेक बिस्किटं हलकी यायला लागलीत.”

सुकन्याताईंनी छोट्या वहीत काहीतरी लिहिलं.

पहिला नंबर ओमचा लागला. त्याने तीन महिन्यांचं कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग दोनदा पाहिलं होतं. बाहेर जाणारा प्रत्येक बॉक्स दोघं जण मोजतात, एकेक करून. दुकानदारांच्या ऑर्डरपेक्षा एकही बॉक्स जास्त गेलेला नाही, हे तो छातीठोकपणे सांगत होता. मग कमी कसे? ते मात्र त्यालाही कळत नव्हतं.

गोरक्षनाथ आले. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण चुकलेलं. येणारा माल ते स्वतः मोजत. शुक्रवारी सोनई आणि तिसगावचे टेम्पो खोळंबलेले असतात, एकेक बॉक्स मोजायला सवड नसते. म्हणून थप्पी लागली की पाच चोक वीस, सहा थर, एकशेवीस. चार थप्प्या, चारशे ऐंशी. पंधरा वर्षं असंच चाललं होतं आणि कधी एक बॉक्स इकडचा तिकडे झाला नव्हता.

“मॅडम, मी चोर असतो तर,” ते एकदम म्हणाले, “दिवाळीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी चाळीस बॉक्स जास्त आले होते. चार थप्प्या लागून वर चाळीस. कुणाला पत्ता नव्हता. मी ते त्याच ट्रकने डेपोला परत पाठवले. चोर असं करेल का?”

“परत पाठवल्याची पावती?”

“मच्छिंद्रकडं पावती मागायची? दहा वर्षं तोच ट्रक आणतोय. घरच्यासारखा माणूस आहे.”

मच्छिंद्र म्हणजे शुक्रवारच्या ट्रकचा ड्रायव्हर आणि रुपालीचा बाप. रेश्माने ते सुकन्याताईंच्या कानात सांगितलं.

हमालांचा मुकादम काकासाहेब दारातच उकिडवा बसला. आत या म्हटलं तरी येईना. जुनी टोळी पाथर्डीकडची होती, ती दिवाळी झाली की ऊसतोडीला जाते. तेव्हापासून याची टोळी आली होती, घोडेगावच्या कांदा मार्केटातून. मच्छिंद्रने आणलेली. तो मार्केटातून कांदाही वाहायचा, तिथली ओळख.

“काम कसं आहे इथलं?”

“हलकं हाय, बाई. कांद्यावानी जड न्हाई. माल बी नाजूक, आमी जपून लावतो.” त्याने आतल्या खुर्च्यांकडे हात केला. “पर इथं कुनी बोलत न्हाई आमच्यासंगं. ट्रक आला की खाली करा, टेम्पो आला की भरा. संपलं.”

शेवटी सुकन्याताईंनी गेटवरचं रजिस्टर मागवलं. पुण्याच्या डेपोतून पहाटे निघालेले इतर ट्रक अकराच्या सुमारास येत. मच्छिंद्रचा शुक्रवारचा ट्रक दोनला. दिवाळीपासून तेरा शुक्रवार, पहिला सोडला तर बाराही ओळींत उशिराचं कारण एकच लिहिलेलं, बाजाराची गर्दी. शुक्रवारी घोडेगावात जनावरांचा बाजार भरतो आणि महामार्गावर गाड्या तुंबतात, त्यात काही नवल नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रेश्माने शाळेला सरळ दांडी मारली. सुकन्याताई थप्पीपाशी स्टुलावर बसून डबा खात होत्या. एकट्याने जेवायची त्यांना सवय दिसत होती, भाकरी मोडायचीही घाई नव्हती. रेश्मा वर चढून बसली आणि बोलत सुटली. तीन महिन्यांचं साठलेलं बोलणं होतं ते. आधी मधल्या सुट्टीत डबा एकत्र खाणं बंद झालं, मग सायकली वेगळ्या वेळी निघायला लागल्या. जानेवारीच्या पहिल्या शुक्रवारी तर कमालच झाली. जनावरांत साथ होती म्हणून बाजारच भरला नव्हता. एरवी ज्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते तिथं ती एकटी, मधोमध सायकल चालवत होती. तेव्हा रडू आलं होतं, पण ते काही तिने सांगितलं नाही.

“रुपाली तुझ्याशी काय बोलते?”

“तीच काय ती बोलते. टोमणेच मारते, पण बोलते. परवा म्हणाली, माझे पप्पा सांगतात की एवढा माल एकदम जातच नसतो, चाळीस-चाळीस बॉक्सने जातो.”

सुकन्याताईंनी डबा बंद केला. अर्धी भाकरी तशीच राहिली.

“खाली उतर,” त्या म्हणाल्या. “आणि पप्पांना सांग, आजचा ट्रक आला की एकही बॉक्स उतरवायचा नाही.”

बरोबर दोन वाजता ट्रक आला. मच्छिंद्र उतरला. रेश्माला पाहून नेहमीसारखा हसला आणि शाळा बुडवली काय गं म्हणाला. सगळ्यांना आत बोलावलेलं पाहून त्याचं हसू जरा ओसरलं.

“मी काही कुणावर ओरडणार नाही,” सुकन्याताई म्हणाल्या. “काकासाहेब, ही थप्पी वरून उघडा.”

काकासाहेबाने वरचा थर काढला. खाली बांबूच्या चार कामट्या आडव्या टाकलेल्या होत्या. त्या उचलल्या आणि रेश्मा वाकून पाहतच राहिली. थप्पीच्या मध्यावर विहिरीसारखी पोकळी होती. दोन बॉक्स मावतील एवढी, पार तळापर्यंत.

गोरक्षनाथांनी पोकळीत हात घालून पाहिला. “हे काय केलं, काकासाहेब?”

“काय केलं म्हंजी?” मुकादम गोंधळला. “मधी हवा नको का? कांदा असा न्हाई लावला तर आठ दिसांत सडतो. कांदाचाळीत हयात गेली आमची. आमाला वाटलं, खायची वस्तू हाय, ही बी घामंजल. तुमी कधी विचारलंच न्हाई.”

“त्यांचा दोष नाही,” सुकन्याताई म्हणाल्या. “आता हिशेब बघा. वरचा थर पूर्ण, खालच्या पाच थरांत दोन-दोन बॉक्स नाहीत. थप्पीत दहा कमी, चार थप्प्यांत चाळीस. बाहेरून चारशे ऐंशी दिसतात, आत असतात चारशे चाळीस. सगळे अख्खा ट्रक शोधत बसले. ट्रक गेलाच नव्हता. चाळीसच्या बारा खेपा होत्या त्या. तेरावी अजून तुमच्यासमोर उभी आहे, ती कुणी उघडून मोजली नव्हती म्हणून कमी दिसली नाही.”

“मग माल बाहेर कसा गेला?” ओमने विचारलं.

“गेलाच नाही. तो आत कधी आलाच नव्हता. म्हणून तुझ्या कॅमेऱ्यात दिसला नाही.” त्या गोरक्षनाथांकडे वळल्या. त्यांचा आवाज मऊ झाला. “दिवाळीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी ट्रक पूर्ण भरून आला होता. या टोळीने पहिल्यांदाच थप्पी लावली, मधे जागा सोडली, म्हणून चाळीस बॉक्स उरले. ते जास्त आलेले नव्हते, गोरक्षनाथ. तुमचेच होते. तुम्ही इमानाने परत दिले.”

सुकन्याताईंनी वहीचं पान उलटलं.

“मी काल डेपोला फोन केला. तिथं एकेक बॉक्स मोजून, ड्रायव्हरची सही घेऊन चारशे ऐंशी भरतात. आणि त्या शुक्रवारी तिथं काहीही परत आलेलं नाही. कांद्याची थप्पी कशी लागते हे इथं काकासाहेबांच्या टोळीखेरीज आणखी एकालाच माहीत होतं. त्याला कळलं की चाळीस कमी आणले तरी चार थप्प्या चारच लागणार. मग दर शुक्रवारी वाटेत कुठंतरी चाळीस उतरायचे, त्यात वेळ जायचा, आणि उशिराला बाजाराचं कारण होतंच. फक्त जानेवारीत बाजार भरला नव्हता त्या शुक्रवारीही त्याने गर्दीच लिहिली. माझी शंका पक्की झाली ती मात्र एका वाक्याने. चारशे ऐंशी सगळ्यांना माहीत होते. चाळीस हा आकडा ज्याने उतरवले त्यालाच माहीत असणार, आणि तो त्याच्या घरात बोलला गेला होता.”

ते वाक्य रेश्माने स्वतः आणून दिलं होतं.

ट्रकमधला माल एकेक करून मोजला. चारशे चाळीस. मच्छिंद्र ताडपत्रीची दोरी हातात गुंडाळत उभा होता.

“पहिले चाळीस मी मागितले नव्हते,” तो गोरक्षनाथांकडे न बघता म्हणाला. “तूच हातानं दिलेस. डेपोत द्यायचे राहून गेले. मग वाटलं, कुणाला कळत न्हाई.”

“आणि मला चोर म्हणालास गावभर?”

मच्छिंद्रने दोरी खाली टाकली.

संध्याकाळी मालकाचा फोन आला. नोकरी राहिली, खोल्या राहिल्या. न मोजता सही केल्याबद्दल गोरक्षनाथांना लेखी ताकीद मिळाली आणि ती त्यांनी निमूट घेतली. टोळी घरी जायच्या आधी ते काकासाहेबापाशी जाऊन बराच वेळ बोलत बसले. सुकन्याताई निघताना रेश्मा गेटपर्यंत गेली. इतका पक्का शोध लागूनही आपल्याला नाचावंसं का वाटत नाही, ते तिने त्यांना विचारलं. मलाही कधी वाटलं नाही, एवढं म्हणून त्यांनी स्कूटीला किक मारली.

रात्रीची ताटं वाढायच्या आधीच गावात बातमी पोचली होती. ज्या दोघी रुपालीबरोबर गेटबाहेर उभ्या होत्या, त्यांचे रेश्माच्या आईच्या मोबाईलवर एकापाठोपाठ मेसेज आले. रेश्मा, उद्या आमच्याबरोबर ये. आम्ही त्या रुपालीशी बोलणं सोडलंय.

आईने कौतुकाने दोन्ही मोठ्याने वाचून दाखवले. आता त्या पोरीच्या सावलीला उभी राहू नकोस, असंही बजावलं. तिच्या बापाने आपल्याला रस्त्यावर आणलं असतं, हे काही खोटं नव्हतं. पप्पा ताटावर मान खाली घालून बसले होते.

रेश्माने मोबाईल उपडा ठेवला.

“आई, पप्पा, मी ठरवलंय,” ती म्हणाली. “मच्छिंद्रकाकांचं तुम्ही आणि मालक काय ते बघा. रुपालीने काही चोरलेलं नाही. उद्या सकाळी मी तिच्या घरी जाणार आणि तिला घेऊनच शाळेत जाणार. ती माझ्या तोंडावर दार लावेल, तर दाराबाहेर थांबेन. तुम्ही नको म्हणालात तरी जाणार.”