नेल्बामावशीच्या मधपेट्या कुठे गेल्या?

"आधी पोहायचं, मग मासे!"

"वेडी आहेस का, यानिना? तू एकदा पाण्यात उडी मारलीस की नदीतले सगळे मासे घाबरून पार आर्जेन्टिनात जातील! आधी मासे!"

"माझा कान ठणकतोय," मागून नादिया ओरडली. "आधी पाणी प्यायचं!"

तीन सायकली धूळ उडवत विमानाच्या शेडपाशी थांबल्या. जानेवारीचं, म्हणजे इकडच्या ऐन उन्हाळ्याचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. यामंदू तेरा वर्षांचा, नादिया त्याची धाकटी बहीण आणि यानिना ही त्यांची मोन्तेविदेओहून सुट्टीला आलेली मावसबहीण. नादियाला रविवारी मधमाशी चावली होती. तिचा उजवा कान अजून टोमॅटोसारखा लालबुंद होता.

शेडच्या सावलीत पायलट ओद्रिओसोला धातूच्या नळीने माते नावाचा कडू चहा ओढत बसले होते. त्यांचं पिवळं विमान शेतांवर औषध फवारायचं.

"आज काय काका, उडणार?" यामंदूने नळाखाली डोकं घालत विचारलं.

"संध्याकाळी, वारा पडला की! सोयाबीनवर अळी पडलीय. उद्या मला दुसरीकडे बोलावलंय, म्हणजे आजच उरकायला हवं." त्यांनी भिंतीवरच्या नकाशाकडे बोट केलं. "घाबरू नकोस, तुझ्या मावशीच्या मधपेट्या जिथे जिथे आहेत तिथे लाल गोल काढलेत. गोलाच्या आसपास मी एक थेंब पडू देत नाही."

नादिया पाणी पिता पिता नकाशासमोर गेली. तिने भुवया आक्रसल्या.

"हा गोल चुकलाय. जुन्या गिरणीपाशी एकही पेटी नाही. परवाच आम्ही तिथे फुटबॉल खेळलो!"

"असेल एखादी कोपऱ्यात."

"नाही हो! आणि निलगिरीच्या रांगेमागे तर गोलच नाही! मग माझा कान कुणी चावला? तुमच्या विमानाने?"

यामंदू धावत आला. त्याने नकाशा पाहिला. निलगिरीमागे पेट्या होत्या, त्याने स्वतः पाहिल्या होत्या. बाकीच्या कुठे होत्या हे मात्र त्यालाही ठाऊक नव्हतं. मावशी फुलोरा बघून पेट्या हलवायची, एकटीच, आपल्या जुन्या ट्रकमधून.

"काका, आज उडू नका!"

"बाळा, मी कागद बघून उडतो. हा नकाशा सहकारी संस्थेतून आलाय, तिथल्या विल्मारच्या शिक्क्यासह. उडायच्या आत त्याच्याकडून दुसरा आणलात तर तो मानीन. ऐकीव गोष्टींवर मी विमान चालवत नाही."

मावशीला विचारणंही शक्य नव्हतं. आदल्या दिवशी ट्रकमधून उतरताना ती पोट धरून खाली बसली होती. अपेंडिक्स! मर्सेदेस शहरातल्या इस्पितळात तिचं ऑपरेशन झालं होतं आणि अजून कुणाला आत सोडत नव्हते. पेट्यांच्या सगळ्या जागा ती आपल्या डिजिटल डायरीत लिहायची. हातात मावेल एवढी डायरी आणि तिच्यावर टोकदार काडीने लिहायचं. पण मावशी पडली तेव्हा डायरीही पडली होती. पडदा तडकला होता आणि काळा ठिक्कर पडला होता.

"पण आतली माहिती असेलच ना?" यानिना म्हणाली. "संस्थेतल्या संगणकात उतरवून घेऊ. चला!"

पोहणं राहिलं, मासेही राहिले. यामंदूने घरून डायरी उचलली आणि तिघं संस्थेच्या कचेरीत धडकली.

विल्मारकाका काखेत थर्मास धरून रेडिओवर सामना ऐकत होते.

"नकाशा चुकला? अशक्य! तुमची मावशी दर आठवड्याला येते, डायरी संगणकाला तारेने जोडलेल्या या बैठकीवर ठेवते, मी बटण दाबतो. डायरीतलं संगणकात. सिंक म्हणतात त्याला! मग पडद्यावर एक चौकट येते, मी ओके म्हणतो. झालं!"

"त्या चौकटीत काय लिहिलेलं असतं?" यानिनाने विचारलं.

"इंग्रजीत असतं बुवा. काहीतरी चांगलंच असणार!"

यामंदूने कपाळावर हात मारला. यानिना संगणकासमोर बसली. त्यावर लिनक्स होतं, तिच्याच मोठ्या भावाने, दारियोदादाने घातलेलं. तो काम करताना ती तासन्‌तास शेजारी बसून असायची. तिने सिंकचा प्रोग्राम उघडला आणि तिचे डोळे विस्फारले.

"काका, शेवटचं सिंक एप्रिलमध्ये झालंय!"

"एप्रिल? आत्ता जानेवारी आहे!"

"तेच तर! त्या चौकटीत लिहिलंय, 'डायरी सापडली नाही.' आणि इतके महिने तुम्ही तिला ओके म्हणताय!"

विल्मारकाकांच्या काखेतला थर्मास सुटता सुटता वाचला. त्यांनी रेडिओ बंद केला.

"आता गं?"

"दाबून बघू," यामंदू म्हणाला.

"थांब! उगाच नको. या डायरीतल्या बॅटऱ्या किती उरल्यात हे आपल्याला दिसत नाही. त्या पुरत्या संपल्या तर आतलं सगळं पुसलं जातं. दर वेळी दाबलं की थोडी बॅटरी जाणार."

"मग नव्या घाल की!"

"बॅटऱ्यांच्या डबीचं झाकण चेमटलंय, बघ. उघडायला गेलो आणि डायरीच फुटली तर?"

खिडकीबाहेर झाडं सळसळत होती. अजून वारा होता, तेवढाच काय तो धीर.

यानिनाने पडद्यावर एक काळी खिडकी उघडली. संगणकाला काय काय जोडलं जातंय ते तिथे ओळीओळीने उमटायचं. "हं, यामंदू. एकदाच दाब!"

बैठकीवरचं बटण दाबलं गेलं. काळ्या खिडकीत भराभर ओळी आल्या आणि थोड्या वेळाने आणखी एक ओळ आली.

"सापडली!" यानिना ओरडली. "म्हणजे डायरी जिवंत आहे! हे बघा, बटण दाबल्यावरच ती दार उघडते आणि कुणी आलं नाही की लावून घेते. दारंसुद्धा दोन आहेत, शून्य नंबर आणि एक नंबर. ती बोलते एक नंबरच्या दारातून आणि आपला प्रोग्राम शून्यावर ठोठावत बसलाय!"

"कुठल्या गाढवाने शून्य लिहिलं?" विल्मारकाका खेकसले.

यानिना जरा चाचरली. "आमच्या दारियोदादाने. एप्रिलअखेरच्या सुट्टीत त्याने नवीन लिनक्स घातलं ना, तेव्हा."

"चला, गाढवांत मी एकटा नाही तर!"

तिने शून्याचा एक केला. पण प्रोग्राम पुन्हा अडला. या दाराला कुलूप होतं! ते उघडायला मुख्य पासवर्ड हवा होता.

"पासवर्ड कुणाला सांगायचा नसतो," विल्मारकाका गंभीरपणे म्हणाले.

"मग तुम्हीच टाइप करा. आम्ही तोंड फिरवतो."

तिघांनी भिंतीकडे तोंड केलं. काका एका बोटाने एकेक अक्षर शोधू लागले, मोठ्याने बोलत! "पी... ए कुठे गेला... हा, ए... एल... ओ..."

"पालोमा!" नादिया खुदकन हसली. "तुमच्या घोडीचं नाव!"

"कार्टे! उद्या बदलावा लागणार आता!"

कुलूप उघडलं. दार बरोबर, परवानगीही मिळाली. विल्मारकाकांना आता दम निघेना. "सरका, सरका! इतके महिने मीच दाबलंय, आताही मीच दाबतो!" त्यांचं बोट बटणाकडे निघालं.

"थांबा!!"

नादिया अशी किंचाळली की काकांनी हात चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"हे चित्र बघा ना. हा संगणक, ही डायरी आणि मधे बाण. पण बाण संगणकाकडून डायरीकडे का जातोय? आपल्याला तर उलटं हवंय ना?"

यानिनाने वाचलं आणि ती पांढरीफटक पडली. "म्हणजे संगणकातलं डायरीत जाणार. एप्रिलमधल्या जुन्या जागा नव्या जागांवर बसणार. सगळं पुसलं गेलं असतं!"

विल्मारकाका मटकन खुर्चीत बसले. "आठवलं. एप्रिलमध्ये तिच्या बॅटऱ्या संपल्या होत्या. डायरी कोरी झाली होती, म्हणून मी संगणकातलं तिच्यात परत भरलं. आणि बाण तसाच ठेवला. देवा रे! मग इतके दिवस मी बटण दाबत होतो तेव्हा..."

"दार चुकीचं होतं म्हणून मावशीची डायरी वाचली!" यामंदू म्हणाला.

"तुमचा दारियो गाढव नाही बरं का, पोरी," काका घाम पुसत पुटपुटले. "देवमाणूस आहे!"

यानिनाने बाण फिरवला. नादियाने तो दोनदा तपासला. मग यामंदूने बटण दाबलं, यानिनाने त्याच क्षणी प्रोग्राम सुरू केला. पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली. अर्ध्यावर आली आणि थांबली!

"चल ना गं," नादिया डायरीला म्हणाली, "चल ना!"

पट्टी हलली. पुढे सरकली. टोकाला पोचली. काळ्या पडद्याच्या डायरीतून बारीकसा आवाज आला, टुडुंग!

"आलं!"

मावशीचं टिपण पडद्यावर उमटलं. एकेक शेत, एकेक कोपरा. आणि मधेच एक ओळ, "निलगिरीमागे. या माश्या भारी भांडकुदळ. लांबूनच जावे."

"मावशी, हे रविवारी सांगायचं ना!" नादिया कान धरून म्हणाली. विल्मारकाकांसकट सगळे खो खो हसले.

पण हसता हसता यामंदूचं खिडकीकडे लक्ष गेलं. बाहेरची सळसळ थांबली होती. एक पानही हलत नव्हतं. वारा पडला होता!

काकांनी शेडवर फोन लावला. तो नुसताच वाजत राहिला. नवा नकाशा छापून होताच त्यांनी तो ओढला, शिक्का मारला आणि ओरडले, "गाडीत बसा!"

त्यांच्या खटारा पिकअपने असा वेग कधी पाहिला नसेल. मागे उभी राहून पोरं छपराला घट्ट धरून होती. वळण संपलं आणि दिसलं, पिवळ्या विमानाचा पंखा गरगर फिरत होता. विमान धावपट्टीच्या टोकाशी वळत होतं!

विल्मारकाकांनी गाडी सरळ धावपट्टीत घातली, खाली उतरले आणि एका हातात नकाशा, दुसऱ्या हातात थर्मास घेऊन नाचू लागले. "थांब! ओद्रिओसोला, थांब!"

इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

"मरायचंय का तुला?" पायलट खाली उतरत गरजले. पण नवा नकाशा हातात आल्यावर त्यांचा आवाज बसला. त्यांनी तो जुन्याशेजारी धरला. एकेक गोल बोटाने ताडून पाहिला.

"या पहिल्याच शेतावर जाणार होतो मी," अखेर ते म्हणाले. "अर्ध्याहून जास्त पेट्या गेल्या असत्या रे."

त्या संध्याकाळी पिवळं विमान उडालं. निलगिरीच्या अलीकडेच ते वळलं आणि दुसऱ्या बाजूने गेलं. पोरं कुंपणावर बसून बघत होती. विमान दिसेनासं झालं तेव्हा कुठे ती खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघांनी पेट्या पाहिल्या, अर्थात लांबूनच! माश्या नेहमीसारख्या भिरभिरत होत्या. दुपारी विल्मारकाका त्यांना मर्सेदेसला घेऊन गेले. मावशी उशीला टेकून बसली होती. चेहरा ओढलेला होता.

"विमान उडालं का रे?" तिने सगळ्यात आधी विचारलं. "माझ्या माश्या?"

"सगळ्या ठणठणीत, नेल्बा," विल्मारकाका म्हणाले आणि टोपी हातात घेऊन त्यांनी सगळं सांगितलं. आपलं ओके म्हणणं, उलटा बाण, धावपट्टीवरचा नाच, काहीच लपवलं नाही. घोडीच्या नावाच्या पासवर्डपाशी आल्यावर मावशी हसायला लागली.

"हसवू नका रे, टाके दुखतात!" तिने डोळे पुसले आणि तिघांचे हात आपल्या हातात घेतले. "या आठवड्यात हलवलेल्या पेट्या अजून नकाशावर आल्या नाहीत, या काळजीने मी कालपासून डोळा मिटला नव्हता. कुणाला सांगावं तर मला बोलू देईनात. वाटलं, गेलं सगळं! आणि इथे तुम्ही तिघं... नादिया, तो बाण कुणालाच दिसला नसता गं."

"मला दिसला," नादिया म्हणाली, "कारण मला इंग्रजी येत नाही. मी नुसती चित्रंच बघत होते!"

मावशीने तिला जवळ ओढून तिच्या सुजलेल्या कानाला अलगद हात लावला. मग ती उशीवर मागे रेलली आणि बोलता बोलताच तिला गाढ झोप लागली. नर्सबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. विल्मारकाका चवड्यांवर चालत दाराकडे निघाले आणि त्यांच्या मागून तोंडं दाबून हसत तिघंही.